माझ्या नावाचा खेकडा

"आमच्या घरात खेकडा शिजत नाही, पण एक खेकडी मात्र इथेच लहानाची मोठी झाली," असं म्हणून बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

मी आमटीच्या वाटीत बघत राहिले. घरात नवा माणूस जेवायला बसला, की कोशिंबीर वाढून होईपर्यंत हे वाक्य यायचंच. थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही बाबांनी ते ऐकवलं होतं. आज पाहुण्या होत्या पाठारे मॅडम, माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. मुंबईहून रात्रभर एसटीत बसून आम्ही दोघी सकाळीच रत्नागिरीला पोचलो होतो.

"कमाल आहे, रिसबूड सर," मॅडम सोलकढीचा घोट घेत म्हणाल्या, "खेकड्यांवर काम केलेला आणि खेकडा तोंडाला न लावलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

"अहो, शिंप्याला कापड खावं लागतं का?"

मॅडम खळखळून हसल्या. त्या स्वतः पक्क्या मासेखाऊ. प्रयोगशाळेत ज्याला भिंगाखाली घालायचं त्याच्याच रश्श्याची पाककृती सांगत बसायच्या. हसू थांबल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे देवांच्या तसबिरींशेजारी काचेच्या चौकटीत एका खेकड्याचं चित्र होतं. "हाच ना तो?"

झालं. बाबांनी भात बाजूला सारला. "हाच. आमची तिसरी मुलगी झाली तेव्हा लोकांनी तोंडं वाकडी केली. मी म्हटलं, थांबा लेको, हिचं नाव असं ठेवतो की लंडनच्या ग्रंथालयात छापून जाईल. तेवीस वर्षं झाली, खेकडाही उल्का आणि मुलगीही उल्का!"

आई ताटात कोवळ्या फणसाची भाजी वाढत होती. ती या गोष्टीच्या वेळी कधीच काही बोलत नसे.

खोटं कशाला बोलू, लहानपणी मला या सगळ्याची फार लाज वाटायची. आमच्या आळीत सगळ्यांचे वडील पंचांग बघायचे नाहीतर कोर्टात कारकुनी करायचे. माझे वडील कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि संग्रहालयासाठी कवचं साफ करायला मागच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर खेकडे आणि शंख उकळायचे. त्या वासानं शेजारी खिडक्या लावून घेत. शाळेत मला कोणी उल्का म्हणत नसे, कुर्लीच म्हणत. कोणी वाकडी चालून दाखवे, कोणी बोटांचे चिमटे काढे. पण आतून मला माझ्या खेकड्याचा अभिमानही होता. "तिसरी पण मुलगीच" हे शब्द मी आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते, की एकदा मी तिला ठणकावून विचारलं, "माझ्या नावाचा खेकडा आहे. तुझ्या नावाचं काय आहे?" पुढे आजी गेली तरी ते उत्तर मी जपून ठेवलं होतं. मी प्राणिशास्त्राकडे वळले तेही त्याच्याच पायी.

माझा विषय होता कोकण किनाऱ्यावरच्या खडकांत राहणारे लहान खेकडे. अशा कामात प्रत्येक जुनं नाव पारखून घ्यावं लागतं. ज्या एका प्राण्यावरून ते नाव दिलं तो मूळ नमुना बघायचा, आणि ती जात खरंच वेगळी आहे का ते ठरवायचं. नसली तर ते नाव खऱ्या जातीच्या नावात बुडवायचं, असं आमच्या भाषेत म्हणतात. बाकीचे नमुने बघून झाले होते. उरला होता फक्त माझा. त्याचा दुसरा भाऊबंद कोणालाच कधी मिळाला नव्हता. मी स्वतः दोन हिवाळे मिऱ्याच्या खडकांवर ओहोटीला पाय कापून घेत हिंडले होते, तरी नाही. "सापडेल," बाबा म्हणायचे, "थोर माणसं गर्दीत राहत नाहीत."

जेवण झाल्यावर आम्ही तिघं बाबांच्या कॉलेजात गेलो. रविवार असल्यानं सगळीकडे सामसूम होती. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयाची किल्ली बाबांकडेच असे. आत स्पिरिटचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. बाबांनी वरच्या फळीवरून बरणी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मॅडमपुढे ठेवली.

"घ्या. तुम्हीच उघडा. पाहुण्यांचा मान."

झाकण फिरता फिरेना. मॅडमनी जोर लावला तेव्हा कुठे ते निघालं. त्यांनी चिमट्यानं खेकडा उचलून बशीत ठेवला. इतक्या वर्षांत रंग उडून तो फिकट पिवळा पडला होता. पाठीवरचा पांढरा फराटा तेवढा ओळखू येत होता. मी त्याला चित्रात रोज बघत आले होते, पण खरा इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. तो माझ्या तळहातावर सहज मावला असता.

मॅडमनी तो उलटा केला.

खेकडा उलटा केला की नर का मादी ते कळतं. नराच्या पोटाखालचं झाकण अरुंद आणि टोकदार असतं. मादीचं रुंद आणि गोल, कारण तिला त्याखाली अंडी सांभाळायची असतात. बाजारात खेकडे निवडून घेणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. बाबांच्या खेकड्याचं वैशिष्ट्य हेच होतं, की बाकी सगळ्या खुणांनी तो नर होता आणि झाकण मात्र रुंद होतं. असा नर या कुळात दुसरा नाही, म्हणून ही नवी जात, असं बाबांनी लिहिलं होतं.

"बघितलंत ना रुंदी?" बाबा मॅडमच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "अगदी ताटली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाच विश्वास बसेना."

मॅडम बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग त्यांनी चिमट्याच्या टोकानं ते झाकण जरासं उचललं, आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"उल्का, तू बघ. काय दिसतं ते सांग."

मी बघितलं. झाकणाच्या आत, मधोमध, एक बारीक गोल व्रण होता. कडेला काळसर कडी, मध्ये खड्डा.

दुसऱ्या कोणाला तो व्रण दिसून काही कळलं नसतं. माझं दुर्दैव असं, की माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या व्रणावर होतं. समुद्रात एक परजीवी असतो. तो खेकड्याच्या अंगात शिरतो, आत मुळांसारखा पसरतो आणि शेवटी पोटाखाली, जिथे मादी अंडी धरते तिथे, पिवळी पिशवी काढतो. खेकडा नर असला तर त्याचं शरीर हळूहळू मादीसारखं होत जातं. झाकण रुंदावतं. तो बिचारा त्या पिशवीला स्वतःची अंडी समजून साफ करतो, जपतो. पुढे पिशवी गळून पडते आणि मागे राहतो तो हा व्रण.

रुंद झाकणाचा नर कधी नव्हताच. होता तो आपला नेहमीचा, खडकाखडकावर सापडणारा खेकडा, रोग झालेला. फराट्याचं म्हणाल तर तशा पांढऱ्या रेघा त्या जातीत दहांतल्या एकाला असतातच.

"काय गो, काय दिसतं?" बाबांनी विचारलं. आवाजात अजून जेवणातलं हसू होतं.

"व्रण आहे, बाबा."

"कसला व्रण? चिमटा लागला असेल कधी."

"नाही सर," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुम्हालाही माहीत आहे हा कसला ते."

बाबा सरळ झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खेकड्याकडे मात्र बघितलं नाही. "तुम्ही मुंबईची मंडळी," ते म्हणाले, "छोट्या गावातल्या माणसानं काही केलेलं तुम्हाला बघवतच नाही."

"सर, तसं नाही हो."

"तसंच आहे! एका डागावरून तुम्ही अख्खी जात उडवायला निघालात. दुसरा नमुना मिळाला की मग बोला."

"मिळणार नाही म्हणून तर बोलतेय."

मी मध्ये काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले. "उल्के, तू सांग. तुझं नाव आहे ते. सांग मॅडमना, डाग नाही म्हणून."

"बाबा..."

"एवढंच सांग, की स्पष्ट दिसत नाही. तेवढं बोलायला काय जातं तुझं?"

"स्पष्ट दिसतंय, बाबा."

मग त्यांनी जे केलं ते मला आजही आठवलं की अंग आक्रसतं. त्यांनी मॅडमपुढे हात जोडले. कॉलेजात ज्यांच्या आवाजानं मुलं चिडीचूप होत, ते माझे वडील आपल्याहून वीस वर्षांनी लहान बाईपुढे वाकले आणि म्हणाले, "दोन वर्षं थांबा. मी निवृत्त होतोय. निरोप समारंभात लोक दुसरं काय बोलणार माझ्याबद्दल? आयुष्यात एवढं एकच केलंय मी. नंतर बुडवा काय बुडवायचं ते."

मॅडमनी नजर दुसरीकडे वळवली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिथे कपाटात सापांच्या बरण्या होत्या, मी त्यांची नावं एकेक करून वाचू लागले. बाबांकडे बघणं मला शक्यच नव्हतं.

बाबा किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले. खेकडा पुन्हा बरणीत घालायचं काम मी केलं.

बाहेर व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या, "मी उद्या सकाळच्या गाडीनं निघतेय. तू ठरव. दोन वर्षांनी काही आभाळ कोसळत नाही. प्रबंधातून हा एक खेकडा आपण वगळू शकतो, नमुना बघायला मिळाला नाही असं लिहून. किंवा मी लिहिते ते पान, माझ्या नावावर. मुलीनंच बापाचं नाव बुडवायला नको."

"तुम्ही बाबांच्या जागी असता तर?"

"ते मला विचारू नकोस," मॅडम म्हणाल्या आणि विश्रामगृहाकडे चालू लागल्या.

घरी आले तेव्हा आई पडवीत चिंच फोडत बसली होती. मागून रहाटाचा कुरकुर आवाज येत होता. संग्रहालयातून आलं की विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय बाबांनी घरात यायचं नाही, हा आजीच्या वेळचा नियम. आजी गेली तरी तो चालू होता.

"हे आल्यापासून पाणीच ओढतायत," आई म्हणाली. "तिसरी बादली. काय झालं तिकडे?"

मी सगळं सांगितलं. हात जोडल्याचंही सांगितलं. ती चिंचोके वेगळे करत ऐकत राहिली.

"मग बुडवायचं ना ते नाव? बुडव की. तुझं त्यात काय जातंय?"

"आई, माझंच नाव आहे ते!"

"तुझं कसं? त्याचं आधी ठेवलं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते.

"तू चांगली रांगायला लागलीस तोवर तुला नावच नव्हतं," आई खाली बघूनच बोलत होती. "बारसं कोणी केलंच नाही. तुझ्या आजीनं अंथरूण धरलं होतं, हे घरात टिकत नव्हते. मी आपली छबू म्हणायचे. मग त्यांचं ते छापलेलं आलं परदेशातून. त्या खेकड्याच्या पाठीवर म्हणे तारा तुटल्यासारखा फराटा होता, म्हणून त्याचं नाव उल्का. त्या दिवशी पेढे घेऊन आले. पाळण्याशी उभे राहिले आणि म्हणाले, हिला पण हेच ठेवू."

"हिला पण?"

"पण," आई म्हणाली.

"मग ते सगळ्यांना जे सांगतात, मुलगी झाली म्हणून..."

"सांगतात खरं."

"आणि तू कधी बोलली नाहीस!"

"काय बोलायचं होतं? नाव मिळालं ना तुला?" आईनं चिंचेचं सूप उचललं आणि ती आत गेली.

मी तिथेच उभी राहिले. शाळेत चिमटे खाताना, आजीचे टोमणे ऐकताना मी ज्याला धरून होते, ते एका रोगट खेकड्याचं उरलेलं नाव होतं. मी किती लोकांना, किती तोऱ्यात सांगत आले होते! एकेक आठवून माझे कान तापायला लागले. मग मी विहिरीकडे गेले.

बाबा ओल्या पंचानिशी काठावर बसले होते. भरलेली बादली समोर तशीच होती. उघड्या अंगानं ते अगदी लहान दिसत होते.

"मॅडम गेल्या का?"

"गेल्या. बाबा, मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

त्यांनी वर पाहिलं. मग पडवीकडे पाहिलं. आई तिथे नव्हती, पण त्यांना कळलं.

"मिऱ्यावर," ते म्हणाले.

"बारा दिवस झाले तरी मिऱ्यावर?"

"बारा नाही, दोन-अडीच महिने. सुटी होती. घरात बायका यायच्या, तिसरीही मुलगीच का हो, म्हणायच्या. नाक्यावर गेलं की तेच. प्राचार्यसुद्धा म्हणाले, असू दे रिसबूड, पुढच्या वेळी. मला कोणाला तोंड दाखवायची लाज वाटायची. खडकांवर कोण येतंय विचारायला? ओहोटी लागली की जायचो, भरती आली की यायचो. हातात काहीतरी असावं म्हणून खेकडे धरायचो. तिथेच तो मिळाला."

"म्हणजे माझी लाज वाटली म्हणून तो मिळाला."

"हो."

त्यांनी काही सारवासारव करावी, निदान रागवावं, असं मला फार वाटत होतं. ते बादलीचा फास सोडवू लागले.

"छापील प्रत आली तेव्हा प्राचार्यांनी सगळ्यांच्या देखत हात मिळवला," ते म्हणाले. "त्या दिवशी मी मान वर करून घरी आलो. आणि तुला उचललं. पहिल्यांदा. तू माझा चष्मा ओढलास."

"आणि व्रण? तो कधी दिसला?"

"तू बालवाडीत जायचीस तेव्हा. वर्गात कापायला आणलेल्या एका नराला ती पिशवी होती. मी तसाच उठलो, संग्रहालयात जाऊन बरणी उघडली. बघितलं आणि झाकण लावलं. पुन्हा कधी उघडली नाही."

"तेव्हाच लिहायचं होतं."

"लिहायलाच बसलो होतो. तू मैत्रिणींना घेऊन आलीस, चित्र दाखवायला. स्टुलावर चढून दाखवत होतीस, हा बघा माझा, माझ्या बाबांनी माझ्यासाठी केलाय." त्यांनी ओल्या हातानं तोंड पुसलं. "मग कसं लिहू? आणि पुढे दुसरं काही लिहायलाही तोंड राहिलं नाही."

बाबांनी त्या एका खेकड्यानंतर काहीच का केलं नाही, हे मी अनेकदा मनात विचारलं होतं. आळशी आहेत, असं मीच उत्तर देऊन टाकलं होतं. एकाच पुंजीवर आयुष्यभर मिरवणारा माणूस, असंही एकदा मैत्रिणीपाशी म्हणाले होते.

"तू लिही आता," ते म्हणाले. "मघाशी मी जे बोललो ते मनावर घेऊ नकोस. मॅडमना सांग, म्हातारा बरळला."

"लिहीनच," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्याहून कडक निघाला. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. "अजून वाटते का लाज?"

"वाटते की."

"माझी?"

"नाही गो," बाबा म्हणाले. "माझी."

त्यांना थंडी वाजत होती. मी दांडीवरचा कोरडा पंचा काढून त्यांच्या हातात दिला आणि आत आले. याहून जास्त मला त्या दिवशी जमलं नाही.

सकाळी स्टँडवर मॅडमना म्हटलं, "थांबायला नको. ते पान मीच लिहिते."

"वडील काय म्हणाले?"

"लिही म्हणाले." बाकीचं सांगायची मला लाज वाटली. तेव्हाच काय, आई-बाबा दोघंही जाईपर्यंत मी ते कोणालाच सांगितलं नाही.

लेख छापून आला तेव्हा बाबांनी तो दोनदा वाचला आणि एका ठिकाणी छपाईची चूक दाखवली. त्यांच्या निरोप समारंभात वक्ते त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. मी मागच्या रांगेत बसले होते आणि बाबा सबंध वेळ हार मांडीवर घेऊन त्याची फुलं सारखी करत होते.

आमच्या शास्त्रात बुडालेलं नाव पुसून टाकत नाहीत. ज्या खऱ्या जातीत ते बुडालं तिच्याखाली ते बारीक अक्षरांत लिहितात, पुढे ज्यानं चूक केली त्याचं आडनाव, आणि हे प्रत्येक नव्या ग्रंथात पुन्हा छापलं जातं. उल्का, रिसबूड. माझ्या वर्गात दरवर्षी एखादी चौकस मुलगी त्या ओळीवर बोट ठेवते आणि हसून विचारते, "मॅडम, या खेकड्याला तुमचं नाव दिलंय?"

"नाही," मी सांगते. "मला त्याचं दिलंय."